आल्ट-टॅब साहेबांना जाहीर निवेदन

प्रति,
मा. आल्ट-टॅब साहेब,
मुक्काम कीबोर्डची डावी कड.

विषय : खिडक्या बदलताना पडद्यावर उमटणाऱ्या आपल्या पट्ट्याच्या वागणुकीबाबत.

महोदय,

बारामती-इंदापूर रस्त्यावर आमचं सेवा केंद्र आहे. लासुर्णे, भवानीनगरकडची माणसं येतात. कुणाला आठ-अ हवा, कुणाच्या पोराला उत्पन्नाचा दाखला. संगणकावर लिनक्स टाकलं, डेस्कटॉप ग्नोम. पैसे वाचले, व्हायरसची कटकट गेली, आणि आपली गाठ पडली.

प्रत्येक गिऱ्हाइकाची ब्राउझरची खिडकी आम्ही वेगळी ठेवतो. (टॅबमध्ये ठेवली तर आपण तिकडं फिरकतच नाही, ते खातं कंट्रोल-टॅबकडं.) अशा चार खिडक्या उघड्या असताना आपण दाखवता काय, तर ब्राउझरचं एकच चिन्ह! म्हणजे एका गटात चार भाऊ सामाईक, आणि कोण कुठं कसतंय ते बांधावर गेल्याशिवाय कळायचं नाही. पोटहिस्सा पाहिजे असेल तर आल्ट धरून टॅबच्या डोक्यावरची कळ दाबा, नाहीतर चिन्हावर थांबून खाली लघुचित्रं उगवायची वाट बघा. 2011 साली ग्नोम 3 आलं तेव्हापासून ही आपली रीत. माणूस आधी प्रोग्रॅम शोधतो आणि मग काम, असं कुणा विद्वानाला वाटलं असावं. आमच्याकडं आजवर कुणी ‘जरा फायरफॉक्स काढून द्या’ म्हणत आलेलं नाही.

बदल करता येतो, हे मान्य. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथं शॉर्टकट, त्यात नेव्हिगेशन, आणि मग ‘स्विच विंडोज’ या ओळीला आपलं नाव लावायचं. तलाठ्याकडची फेरफार नोंद याहून अवघड नसते. पण एकदा ते केलं, की प्रत्येक खिडकी सुटी दिसते.

दिसते, हेच तर दुखणं. परवा एका तात्यांचा आठ-अ छापायला घेतला आणि आल्ट दाबून धरला. पट्ट्यात शेजारी त्यांच्याच चुलतभावाच्या बँक पासबुकाचं स्कॅन! आठ-अ, सातबारा काय, कुणीही बघू शकतो. पासबुकाचं तसं नाही. तात्या चष्मा न लावता वाकले आणि म्हणाले, ‘‘याचं उसाचं बिल जमा झालं वाटतं?’’ भाऊबंदकीत माणसाची नजर अशी तेज होते की डोळ्यांच्या डॉक्टरांनी अभ्यास करावा.

यावरही आपल्याकडं उपाय आहे, तो आपण माळ्यावर ठेवलाय. खिडकीचं लघुचित्र, नुसतं चिन्ह, की दोन्ही, असे तीन पर्याय ग्नोममध्ये आहेत. पण सेटिंग्जच्या पानावर नाहीत. टर्मिनल उघडा, नाहीतर डीकॉन्फ एडिटर शोधून बसवा. एवढी लाज कशाची? लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपांवरचे आपले भाऊबंद बघा. सिनॅमनमध्ये चिन्हं, लघुचित्रं, थ्रीडी कव्हरफ्लो, सगळं एका यादीतून निवडता येतं. पट्टा किती मिलिसेकंदांनी उमटावा तेही सांगता येतं. एक्सएफसीईत खिडक्यांची नावं सरळ यादीत मांडता येतात. केडीईत तर लग्नाच्या पत्रिकांसारखे नमुने मांडून ठेवलेत. (कव्हरफ्लो मी लावून पाहिला. दिसतो झकास, काउंटरवर त्याचा काडीचा उपयोग नाही.)

तरी आमच्या मागण्या थोडक्यात अशा. खिडकी हाच आपला मूळ हिशेब असावा. प्रोग्रॅमवार गठ्ठा ज्याला पाहिजे त्यानं मागून घ्यावा. लघुचित्राचा पर्याय शॉर्टकटच्या शेजारीच असावा. आणि आपली एक खोड मात्र तशीच राहू द्यावी : ‘स्विच विंडोज’ लावलं की ग्नोम सहसा चालू वर्कस्पेसच्याच खिडक्या दाखवतं. पासबुकं आणि आधारची स्कॅनं आम्ही आता दुसऱ्या वर्कस्पेसवर उघडतो. पट्ट्यात ती येतच नाहीत, आणि तात्यांना पुन्हा प्रिंटरकडं बघत बसावं लागतं.

आपला,
एक केंद्रचालक

प्रत माहितीस्तव : सर्व सन्माननीय गिऱ्हाइकं. संगणक आमचा असला तरी त्यात उघडलेला कागद कुणाचा तरी असतो. कृपया टेबलाच्या पलीकडं उभं राहावं.