हवेची वाट

खारघरच्या बेलपाड्यात गाड्यांना तोटा नाही. सिडकोने जमिनी घेतल्या, साडेबारा टक्क्यांचे प्लॉट दिले, प्लॉटवर इमारती उठल्या, आणि प्रत्येक चौथ्या इमारतीखाली एक तरी अशी गाडी उभी असते जिच्या बंपरचा मधला भाग गायब आहे. तिथे काळी जाळी आहे आणि जाळीमागे अॅल्युमिनियमचं काहीतरी चमकतंय. ही गाडी दादूसची. दादूस कुणा एकाचं नाव नव्हे. कोपरा, कामोठे, कळंबोली, कुठेही हाक मारा, एक तरी दादूस 'ओ' देईलच. पण बेलपाड्याचा दादूस अभ्यासू.

वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे. धंदा विचारलात तर 'मटेरियल सप्लाय', म्हणजे रेती, खडी, विटा. पैसा डंपर कमावतो आणि ऑक्टाव्हिया आरएस खाते. ही गाडी २००४ ची, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडलेली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती. टर्बो पेट्रोल म्हणजे काय चीज आहे, हे आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना पहिल्यांदा हिनेच दाखवलं. त्या पोरांपैकी काही पुढे शहाणी झाली. दादूस झाला नाही.

इंटरकूलर हा विषय तो कुठेही काढू शकतो. आगरी हळदीत डीजे छाती फुटेस्तोवर वाजतोय, अख्खं गाव नाचतंय, आणि मांडवाच्या कडेला दादूस नवरदेवाच्या मामाच्या कानात ओरडतोय, "मामा, टर्बो हवा दाबतो ना, दाबली की ती तापते! एक बार बूस्टला शंभर डिग्रीच्या वर! तापली की पातळ होते! पातळ हवेत पेट्रोल काय जळणार?" मामा मान डोलावतात. त्यांना वाटतं, पोरगा पेट्रोलच्या भावाबद्दल बोलतोय.

सांगतो ते मात्र खरं आहे. तापलेली हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी निववायची, हेच इंटरकूलरचं काम. आरएसमध्ये कंपनीने तो बंपरच्या एका कोपऱ्यात, चाकाच्या पुढे बसवला होता, जेवणाच्या डब्याएवढा. दादूसला हा गाडीचा अपमान वाटला. त्याने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून रेडिएटरच्या रुंदीचा इंटरकूलर आणला, ग्राइंडर आणला आणि एका रविवारी गाडी जॅकवर चढवली. आई दारात आली. "बाला, चांगले गारीचा थोबार कश्याला फोरलास?" दादूस म्हणाला, "आय, तिला श्वास घेता येत नव्हता." आई म्हणाली, "मंग डाक्टरकरं न्यायची."

त्यानंतर गाडी श्वास घेऊ लागली आणि दादूसचा कोंडला. नवा इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरपुढे बसतो, कंडेन्सरमागे रेडिएटर. म्हणजे पुढच्याने टाकलेली गरम हवा मागच्या दोघांनी प्यायची. घाटात पहाटे पाचला याचा त्रास नाही. पण शीव-पनवेल महामार्गावर संध्याकाळी सात वाजता ट्रॅफिक तुंबला की काटा वर चढतो, एसी उसासे टाकतो आणि वहिनी काच खाली करून ओढणीने वारा घेत बसतात. कोट्यवधींची मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून बेलपाड्याच्या डोक्यावरून गारेगार जाते. वहिनी तिच्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर दादूस टाळतो.

एअर फिल्टरही त्याने खाली उतरवला होता. इंजिनजवळची हवा गरम, म्हणून फॉग लॅम्प काढून त्या खोबणीतून थंड हवा घ्यायची. तर्क बिनतोड. पण खारघरच्या डोंगरावरून जुलैत पाणी उतरतं तेव्हा रस्त्याला तर्क कळत नाही. फिल्टर गुडघ्याखाली आणि पाणी गुडघ्याएवढं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. दादूसचा एकच वाकला. तो त्याने शोकेसमध्ये, क्रिकेटच्या ट्रॉफीशेजारी ठेवलाय.

मूळ बंपर टेरेसवर असतो. फेकून देता येत नाही, कारण पासिंग. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आरएसवर ती वेळ २०१९ ला आली, मग २०२४ ला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल खपवून घेत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ("जाळीच्या प्रत्येक भोकाला वेगळे पाच हजार काय?" ही दादूसची प्रामाणिक शंका.) तर पासिंगच्या आदल्या रात्री बंपर खाली उतरतो. एरवी आई त्यावर बोंबील वाळत घालते. पनवेलच्या आरटीओत साहेबांनी गाडीला एक फेरी मारली, पुढे येऊन थांबले, नाक वर केलं आणि विचारलं, "मासे आणलेत का?" गाडी पास झाली.

त्याचं खरं कौतुक मात्र लोकरीसाठी. आईच्या पिशवीतून लाल लोकर काढून त्याने बोटभर लांबीचे तुकडे केले आणि चिकटपट्टीने जाळीभर, बंपरभर लावले. हवा कुठून जाते ते धागे सांगतात. मोठमोठ्या कंपन्याही वाऱ्याच्या बोगद्यात हेच करतात. दादूसकडे बोगदा नाही, मित्र आहे. मित्र बुलेटवर मागे बसून शूटिंग करत होता. घरी येऊन सगळ्यांनी मोबाइलमध्ये डोकी घातली. जाळीवरचे धागे आत जायच्या ऐवजी कडेला पळत होते. एवढा मोठा जबडा उघडला आणि हवा गालावरून निघून गेली!

चूक भोकाची नव्हती. हवा आळशी असते, जिथे अडथळा कमी तिथून जाते. इंटरकूलरच्या कडेला, वर, खाली चार-चार बोटं फटी होत्या. त्या सोडून दाट पत्र्यांमधून ती कशाला घुसेल? कंपनीच्या बंपरमागे काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या फटी बुजवायलाच. त्या दादूसने पहिल्याच रविवारी 'फालतू' म्हणून भंगारात दिल्या होत्या. ग्राइंडर, इंटरकूलर, पायपिंग, डेंटिंग-पेंटिंग यांत एका डंपरच्या टायरांचा पैसा गेला, आणि काम अडलं होतं ते दोनशे रुपयांच्या फोमवर.

गॅरेजवाल्या चाचांनी फोमची शीट आणली, कात्रीने पट्ट्या कापल्या, फटी बुजवल्या. पुन्हा लोकर, पुन्हा बुलेट. धागे झपकन आत. एसीही जरा शुद्धीवर आला. चाचांनी हात पुसले. आता हा गडी नाचेल, अशा बेताने सगळे दोन पावलं मागे सरकले.

दादूस बराच वेळ उकिडवा बसून जाळीतून आत बघत राहिला. फोम काळा, आतला अंधार काळा. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

"चाचा," तो म्हणाला, "हा लालमध्ये भेटेल काय?"