हाय काय अन् नाय काय

सुप्याच्या एमआयडीसीत जपानी उद्योगांसाठी जागा ठेवली, तेव्हा पारनेर तालुक्याने गुंतवणुकीचे कोटी मोजले. शब्द कुणी मोजले नाहीत. मोजले असते तर कळलं असतं की पाहुण्यांचे दोन शब्द गावात आधीपासूनच नांदत होते.

जपानीत ‘हाय’ म्हणजे हो, ‘नाय’ म्हणजे नाही. प्रश्नाच्या शेपटाला ‘का’ तेही लावतात, आपणही लावतो. क्रियापद दोघेही वाक्याच्या शेवटीच टाकतात. एवढं गोत्र जुळल्यावर मध्ये इंग्रजी कशाला? पण ती लागतेच. साहेब जपानीत बोलतो, दुभाषा त्याचं इंग्रजी करतो, सुपरवायझर त्या इंग्रजीची हिंदी करतो आणि बिहार, ओडिशा, पारनेरच्या पोरांपर्यंत पोचतं ते एवढंच, ‘जल्दी करो’.

त्यातली गोम अशी की जपानी ‘हाय’ हा बऱ्याचदा होकार नसतोच. ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढाच त्याचा अर्थ. साहेबाने मीटिंगमध्ये तीनदा ‘हाय’ म्हटलं की आमचा मॅनेजर पगारवाढ झाली म्हणून पेढे सांगून मोकळा. उलट साहेब विचारतो, सामान आलं का? स्टोअरवाला उत्तरतो, ‘हाय, पण नाय.’ म्हणजे सामान कपाटात आहे आणि किल्ली रजेवर गेली आहे. नगर जिल्ह्यात याहून नेमकं उत्तर देता येत नाही. साहेब ते वहीत टिपतो आणि रात्री मुख्यालयाला कळवतो: इथले कामगार अस्खलित जपानी बोलतात, अर्थ तेवढा लागत नाही.

हसून झालं असेल तर प्रेस मशीनकडे या. भिंतीवर ‘सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके’ ठळक रंगात; शिस्तीचे पाच जपानी शब्द पोरांकडून पाठ करून घेतलेत. आणि ‘इथे हात घालू नका’ ही पाटी मात्र इंग्रजीत! बोटं ज्याची जायची, त्यालाच ती वाचता येत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 108 ने सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावायला सांगितलं होतं. पंच्याहत्तर वर्षं उलटली, सूचनेचं भाषांतर होईना. ‘जल्दी करो’चं मात्र सगळ्या भाषांत झालं.

पाटी रंगवायला फार तर एक दुपार लागेल. सुप्यात पेंटर हाय.