मेटलचा ठसका

नंदुरबारच्या मिरची बाजारात लाली वेगळी आणि तिखटपणा वेगळा, हे हमालालाही ठाऊक असतं. गिटारवाल्या पोरांना मात्र पटत नाही. मॉडर्न मेटल वाजवायचं ठरलं की आधी पिकअपच्या, म्हणजे तारेची थरथर टिपणाऱ्या चुंबकी डबीच्या, कॉइलचा रोध बघायचा: सोळा किलोओम म्हणजे जहाल, आठ म्हणजे मिळमिळीत. खरं तर तो आकडा तार किती लांब नि किती बारीक, एवढंच सांगतो. आवाजात चुंबकाचा, कॉइलच्या घडणीचाही हात असतो. शिवाय मेटलला नुसता जोर पुरत नाही. पट्टी खाली उतरवलेल्या जाड तारेवर तळहात टेकवून प्रहार केला की सूर तिथल्या तिथे तुटायला हवा. पिकअप भलताच जोरकस असला तर नुसता चिखल.

मग नजर जाते ईएमजी 81 या पिकअपवर. सिरॅमिक चुंबक, पोटात प्रीअँप, त्याला 9 व्होल्टची बॅटरी. म्हणजे लोडशेडिंगमध्ये गिटार सुरू, अँप बंद.

पिकअपमधली विजेची गुणगुण मारायला गिटार बनवणाऱ्या गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 च्या सुमारास उलटसुलट वेढ्यांच्या दोन कॉइल जोडल्या, हंबकर जन्मला. घराला अर्थिंगच नाही, तिथे तो बिचारा काय करणार?

पिकअप गिटारपेक्षा महाग, तारा गंजलेल्या, अँप दहा वॅटचा. नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीतले ढोल मात्र बिनचुंबकाचे डोंगर हलवतात. पिकअप जोडायचा तर सोल्डरिंगला गाठायचा मिक्सर दुरुस्तीवाला. तो म्हणतो, "भाऊ, ठेवून जा. आधी वहिनींची चटणी होऊ दे."