पॅसेंजरला पीएनआर नसतो

पवनारला धाम नदी आहे, विनोबा भावे यांचा परमधाम आश्रम आहे, नागपूर-वर्धा रस्ता आहे. रेल्वे स्टेशन नाही. चेन्नई-दिल्लीकडची गाडी धरायची तर सेवाग्राम, मुंबई-हावड्याकडची धरायची तर वर्धा. हवी ती गाडी दोन्हीकडे थांबत नसेल तर आधी पॅसेंजरने नागपूर गाठायचं.

दुखणं या शेवटच्या प्रकारात आहे.

नागपूरहून पुढचं आरक्षण महिनाभर आधी काढलेलं. हातात पॅसेंजरचं साधं तिकीट. वाटेत गाडी बाजूच्या रुळावर घेतात. एक सुपरफास्ट निघून जाते, पाठोपाठ कोळशाची मालगाडी. मग नागपूरच्या आउटरला पुन्हा मुक्काम. प्लॅटफॉर्मवर पाय टेकतो तेव्हा पुढची गाडी सुटलेली असते. उशीर कोणी केला? रेल्वेने. पैसे कोणाचे बुडाले?

प्रवाशाचे.

यावर नियम नाही असं नाही. १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांचे पीएनआर एकमेकांना जोडता येतात. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे काहीही न कापता परत. नियम चांगलाच आहे. पण पीएनआर कोणाला मिळतो? आरक्षण असलेल्याला. पॅसेंजर आणि मेमूच्या तिकिटाला पीएनआर नसतो. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा बाजूला काढली जाते त्याच गाडीचा प्रवासी या नियमाबाहेर.

आणि नियमात बसलात, तरी फक्त पैसे मिळतात. पुढच्या गाडीत जागा मिळत नाही.

बरं, पॅसेंजर रखडणार हे वर्ध्यालाच दिसलं आणि समोर एक्स्प्रेस उभी आहे, तर त्याच तिकिटावर चढावं का? नाही. मेल-एक्स्प्रेसचं भाडं वेगळं, सुपरफास्टचा अधिभार त्याहून वेगळा. टीसीने पकडलं तर फरक आणि वर दंड. नागपूरहून पुढचं पक्कं तिकीट खिशात असलं तरी त्याची किंमत शून्य.

कोरोनानंतर याच पॅसेंजर गाड्यांना रेल्वेने एक्स्प्रेसचं किमान भाडं लावलं होतं. दहाचे तीस रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आलं. भाडं घेताना पॅसेंजरची एक्स्प्रेस करता येते, मग अडलेल्या माणसाला एक्स्प्रेसमध्ये बसू देताना का करता येत नाही?

जर्मनीत काय करतात? स्वस्तातलं तिकीट तिथेही ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. पण ते बंधन लांब पल्ल्याच्या गाडीपुरतं. तिथवर नेणारी प्रादेशिक गाडी तुमच्या सोयीने निवडा. मुक्कामी पोचायला वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं, की लांबच्या गाडीचं बंधनही सुटतं. त्याच तिकिटावर पुढची गाडी धरायची. पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं आज तिथे याच नियमावर बिनघोर गाड्या बदलत असतील. त्यांच्या गावाकडच्या आईवडिलांना हे का मिळू नये?

अधिकारी म्हणतील, साध्या तिकिटावर गाडीचं नाव नसतं. माणूस कुठल्या गाडीने आला हे कसं कळणार? शंका रास्त आहे. उत्तर त्या चिटोऱ्यावरच छापलेलं आहे: कुठून कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता काढलं, नंबर काय. दोनशे किलोमीटरच्या आतलं असं तिकीट काढल्यावर तीन तासांत किंवा पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे उशिराचं असेल तोवर, निघावंच लागतं. त्या वेळेत कुठली पॅसेंजर सुटली, ती नागपूरला कधी टेकली, हे रेल्वेच्या संगणकात मिनिटासकट असतं. घरी झोपून राहिलेला माणूस नंतर दहा-वीस रुपयांचं तिकीट दाखवून पैसे उकळेल ही भीती असेल, तर अट घाला. वेळापत्रकाप्रमाणे दोन गाड्यांत किमान तासाभराचं अंतर असलंच पाहिजे, म्हणा; मग पॅसेंजर खरोखर रखडल्याशिवाय कोणाला पैसे मागताच येणार नाहीत. अट कोणीही मान्य करेल.

विनोबा १९५१ मध्ये पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला चालत गेले. तो त्यांचा निर्धार होता. आज पवनारची बाई नागपूरच्या प्लॅटफॉर्मवर गाठोड्यावर रात्र काढते, तिला कोणी विचारलं होतं?

अशा अडकणाऱ्यांची संख्या तर वाढणारच आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा कळंबपर्यंतचा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. उरलेला झाला की यवतमाळची, नांदेडची माणसं वर्ध्याला उतरून पुढची गाडी धरतील. त्यातल्या अनेकांच्या हातात साधंच तिकीट असेल. रूळ जोडण्याआधी तिकिटं जोडा.