सिंहाला कापडातलं काय कळतं?

दिवाळीला सुरतेची कापड मार्केटं बंद झाली की लाभपाचमीपर्यंत उघडत नाहीत. या सुट्टीत पर्वत पाटियातला माणूस पूर्वी गावी जायचा; मारवाडी राजस्थानात, आम्ही खानदेशात. आता ज्याचे दोन गाळे झाले तो केनियाला जातो, आणि तिथे तंबूत राहतो.

यंदा आमच्या सोसायटीचे शेठ गेले. मूळ धुळ्याकडचे. लूमच्या खात्यात कामाला आले तेव्हा पत्र्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे. आता इटालियन मार्बलचा फ्लॅट आहे, त्याला कुलूप लावून हे राहुटीत! अर्थात राहुटी कसली? खाली लाकडी जमीन, राजेशाही पलंग, न्हाणीत पितळी नळ, वायफाय. तंबूचं म्हणावं असं एवढंच, की भिंत कापडाची. आणि पैसे त्या भिंतीचेच.

तेही डॉलरात, आगाऊ. ग्रे कापडाचं पेमेंट नव्वद दिवसांच्या आत देणं जो अशुभ मानतो, आणि देताना वर वटाव कापून घेतो, त्याने सहा महिने आधी सगळी रक्कम चुकती केली. शिवाय मसाई मारा अभयारण्यात नुसतं असण्याचे दरडोई 200 डॉलर, तिकीट बारा तासांचं. जानेवारी ते जूनमध्ये हेच निम्म्यात होतं. पण तेव्हा मार्केट चालू असतं.

सामानाने खरी परीक्षा घेतली. नैरोबीहून माराला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी 15 किलो, तेही मऊ पिशवीत. शेठाणींनी वाटणी केली: खाखरा नऊ, थेपले चार, उरलेल्या दोन किलोत कपडे. मग कुणीतरी सांगितलं, केनियात 2017पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, कैदसुद्धा होऊ शकते. सगळे खाखरे वर्तमानपत्रात बांधून गेले. (हा कायदा सुरतेतल्या आमच्या पिशव्यांनी तुंबलेल्या मिठी खाडीच्या कानावर कुणी घालू नये, बिचारी आशेला लागेल.) नैरोबीत गुजराती वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, तिथे खाखरा मिळतो, हे मी सांगून पाहिलं. पण घरून नेलेल्याची चव वेगळी.

पहिल्याच संध्याकाळी समोरून हत्तींचा कळप गेला. शेठाणी व्हिडिओ काढत होत्या. शेठ तंबूची कड दोन बोटांत धरून चोळत होते. पॉलीकॉटन, वरून कोटिंग. मग त्यांनी एका तंबूला लागणारे मीटर काढले, भाव लावला, एका रात्रीच्या भाड्याशी ताडून पाहिला आणि पहाटेपर्यंत जागे राहिले. सिंह जवळच डरकाळ्या फोडत होता म्हणे. यांना ऐकू आला नाही.

जेवून परतताना सोबत बॅटरीवाला मसाई रखवालदार असतो, कारण कॅम्पला कुंपण नाही. शेठाणींनी त्याला विचारलं, सिंह आत आला तर? तो म्हणाला, सिंहाला तंबू म्हणजे भक्कम भिंतच वाटते. परत आल्यावर शेठ मला म्हणाले, "भाऊ, म्हणजे सिंहालाही क्वालिटी कळत नाही."

मी त्यांना केनियातल्याच त्सावोची हकीकत सांगितली. 1898 साली तिथे रेल्वेचा पूल बांधायला हिंदुस्थानातून मजूर नेले होते. तेही तंबूतच राहत. दोन सिंह रात्री तंबू फाडून माणसं ओढून नेत, आणि हे महिनोन्‌महिने चाललं. शेवटी पॅटरसन नावाच्या इंजिनिअराने डिसेंबरात दोघांना गोळ्या घातल्या. पेंढा भरलेले ते सिंह आज शिकागोच्या संग्रहालयात उभे आहेत.

शेठ गंभीर झाले. मजुरांबद्दल हळहळले असावेत, असं मला क्षणभर वाटलं.

"तंबूचा माल कुठला होता?"

"इंग्रजांचं राज्य. विलायती असेल."

"तरीच," शेठ म्हणाले.