लाल दिसलं म्हणून ओतू नका

कांद्याची आवक वाढली की विंचूरच्या उपबाजार आवारात माणसांइतकीच स्टेअरिंगं दमतात. पिकअप काठोकाठ भरलेली. रांगेत पुढे-मागे करायचं, दोन ट्रॉल्यांच्या मधून वळायचं, जागच्या जागी चाकं शेवटपर्यंत फिरवून गाडी लावायची. लिलाव झाला की तशीच बाहेर काढून व्यापाऱ्याच्या खळ्यावर न्यायची. स्टेअरिंग टोकाला दाबून धरलं की बॉनेटखालचा पंप कण्हतो. एखाद्या दिवशी ते कण्हणं थांबतच नाही. टाकीचं झाकण उघडून बघावं तर ऑइल तळाला गेलेलं. मग विंचूरच्या तीनपाटीवर, म्हणजे तिठ्यावरच्या दुकानात, प्रश्न निघतो: पॉवर स्टेअरिंगचं ऑइल मिळत नाहीये, त्याऐवजी काय चालेल?

उत्तरं चार मिळतात. ब्रेक ऑइल टाका. इंजिन ऑइल टाका, ऑइल ते ऑइल. ट्रॅक्टरचं अडुसष्ट नंबर टाका. लाल ऑइल टाका. पहिली तीन गाडी मारतात. चौथं बहुतेक वेळा बरोबर असतं, पण सांगणाऱ्याला ते का बरोबर आहे हे ठाऊक नसतं, आणि म्हणून तेही कधीतरी गाडी मारतं.

आधी ब्रेक ऑइल, कारण सगळ्यात मोठं नुकसान तेच करतं. त्याला ऑइल म्हणायची आपल्याला सवय लागली आहे, पण डॉट 3, डॉट 4 हे खनिज तेल नव्हेच. ते ग्लायकोल जातीचं द्रव आहे. ब्रेकमधली रबरं ईपीडीएम जातीची असतात, ती ग्लायकोलमध्ये वर्षानुवर्षं टिकतात. स्टेअरिंगच्या पंपातली आणि रॅकमधली सीलं बहुधा नायट्राइल रबराची असतात, ती खनिज तेलासाठी बनवलेली. नायट्राइलला ग्लायकोल पाजलं की रबर फुगतं, मऊ पडतं, आकार सोडतं. लगेच काही होत नाही, हीच खरी अडचण. ओतल्यावर स्टेअरिंग हलकं होतं, दुकानदार बरोबर ठरतो, गाडी लासलगावला जाऊन येते. सीलं गळायला लागतात तेव्हा ब्रेक ऑइलवर कोणी संशय घेत नाही. उलटंही तेवढंच घातक: ब्रेकच्या डबीत चुकून लाल ऑइल गेलं की ईपीडीएमची रबरं फुगतात, आणि तिथे प्रश्न दुरुस्तीच्या बिलाचा राहत नाही. दोन्ही टाक्या बॉनेटखाली एकमेकींच्या जवळ असतात. झाकण वाचल्याशिवाय बाटली उचलूच नये.

आता अडुसष्ट. निफाड तालुक्यात ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याच्या शेडमध्ये हायड्रॉलिक ऑइलचा डबा बहुधा सापडतोच, त्यामुळे हा मोह सर्वांत जवळचा. डब्यावरचा 68 हा आकडा दाटपणाचा आहे: 40 अंश सेल्सिअसला 68 सेंटिस्टोक. स्टेअरिंगला चालणारं जुन्या पठडीतलं लाल ऑइल त्याच तापमानाला 34 च्या आसपास असतं. म्हणजे अडुसष्ट दुप्पट दाट. काही इंजिन ऑइल तर शंभराच्या वर जातं. पंपाची पाती आणि व्हॉल्व्हच्या बारीक फटी पातळ तेल गृहीत धरून घडवलेल्या असतात. डिसेंबरात निफाडचा पारा राज्याच्या नीचांकाशी स्पर्धा करत असताना पहाटे गाडी सुरू केली, की दाट तेल पंपाकडे वेळेवर ओढलं जात नाही. पंपात पोकळी होते, बुडबुडे धरतात, तो किंचाळतो आणि आतून खरवडला जातो. दुपारी तेच तेल तापून थोडं पातळ होतं, आवाज थांबतो, आणि मालक म्हणतो, बघा, बसलं! बसलेलं काही नसतं. सकाळी झालेली झीज भरून आलेली नसते.

हे तेल कुठल्या परिस्थितीत काम करतं ते एकदा ध्यानात घ्या. मोटारीच्या टायरात हवा सव्वादोन-अडीच बार. स्टेअरिंगचा पंप टोकाला दाबलेल्या अवस्थेत 100 बारच्या आसपास जातो. त्या दाबाखाली तेलाने जोर पोचवायचा, पात्यांना वंगण द्यायचं, उष्णता वाहून न्यायची, फेस धरायचा नाही आणि रबरं नीट राखायची. एवढ्या कामाला ‘काहीही चालतंय’ हे उत्तर देणाऱ्याचा मला मनापासून राग येतो, कारण किंमत तो मोजत नाही. बाटली काहीशे रुपयांची, रॅक आणि पंप हजारांत जातात, आणि त्यात गाडी गॅरेजला उभी राहिली तर भाडं बुडतं किंवा माल शेतातच राहतो. पिकअपचा हप्ता मात्र उभा राहत नाही.

आता लाल ऑइलचं. हे स्वयंचलित गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ. ‘गिअरबॉक्सचं तेल स्टेअरिंगमध्ये कसं?’ असं विचारणाऱ्याला हा जुगाड वाटतो. जुगाड मुळीच नाही. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने 1926 मध्ये मोटारीवर पॉवर स्टेअरिंग चालवून दाखवलं, पण ग्राहकाला ते मिळालं 1951 मध्ये, क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीत. तोवर जनरल मोटर्सने 1949 मध्ये आपल्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाचं ‘टाइप ए’ हे मानक बाजारात आणलं होतं. पातळ, फेस न धरणारं, सीलांना सांभाळणारं हायड्रॉलिक तेल कारखान्यांना आयतं मिळालं आणि स्टेअरिंगच्या कितीतरी रचना त्याच तेलावर उभ्या राहिल्या. पुढे त्याचं डेक्स्रॉन झालं, मग दोन नंबर, तीन नंबर. ज्या गाडीच्या पुस्तकात किंवा झाकणावर डेक्स्रॉन किंवा एटीएफ लिहिलं आहे, तिच्यासाठी हे तेल बदली कामगार नव्हे. तेच तिचं मूळ तेल आहे. अशा गाडीच्या मालकाने ‘पॉवर स्टेअरिंग’ एवढीच मोठी अक्षरं छापलेल्या महाग बाटलीमागे धावायचं कारण नाही. साध्या दुकानातली योग्य दर्जाचं एटीएफ घ्यावं आणि निर्धास्त राहावं. मला हे ठणकावून सांगावंसं वाटतं, कारण स्वस्त आणि बरोबर या दोन गोष्टी इथे एकत्र येतात, आणि तसं फार कमी वेळा होतं.

पण लाल रंग हा पुरावा नाही. रंग कारखान्यात घालतात, गळती ओळखता यावी आणि इंजिन ऑइलपासून वेगळं दिसावं म्हणून. होंडाच्या हायड्रॉलिक स्टेअरिंगच्या गाड्या होंडाचंच स्टेअरिंग तेल मागतात, झाकणावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे लाल एटीएफ ओतायचं नाही. ह्युंदाईचं पीएसएफ-3 वेगळं आणि पीएसएफ-4 वेगळं, नाव जवळचं म्हणून एकाच्या जागी दुसरं जात नाही. काही फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांत हिरवं कृत्रिम हायड्रॉलिक तेल असतं, ते लालपेक्षाही पातळ, आणि त्यात लाल मिसळायचं नसतं. गिअरलेस मोटारींच्या सीव्हीटीचं तेलही कधी लाल, कधी हिरवं येतं. ते वेगळ्याच कामाचं, स्टेअरिंगला नको. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं छापलेल्या बाटलीची मागची बाजू वाचा. तिथे तुमच्या गाडीने मागितलेलं मानक नावानिशी नसेल, तर पुढच्या बाजूचं आश्वासन कागदाचं आहे.

याच जागी आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. डेक्स्रॉन हे जनरल मोटर्सचं नोंदवलेलं नाव. 2005 च्या सुमारास सहा नंबर आला, आणि 2006 अखेर तीन नंबरची परवानगी देणं कंपनीने बंद केलं. तरी ‘तीन नंबर’ लिहिलेल्या बाटल्या आजही मिळतात. याचा अर्थ त्या बनावट आहेत असा नाही. अर्थ एवढाच की त्या नावामागे तपासणारा मूळ मालक आता उभा नाही. बाटलीवरचा शब्द भरणाऱ्या कंपनीच्या प्रामाणिकपणावर चालतो. म्हणून इथे नावाजलेल्या तेल कंपनीची सीलबंद बाटली घ्यायची, पिंपातून काढून पाण्याच्या बाटलीत भरलेलं सुटं लाल पाणी घ्यायचं नाही. सहा नंबर तिनाच्या जागी चालतो असं जनरल मोटर्सचं म्हणणं आहे, पण तो थोडा पातळ आहे. तुमच्या गाडीच्या कंपनीने त्याला होकार दिला आहे का, ते सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारायला काही लागत नाही.

एक वर्ग असाही आहे ज्याला यातलं काहीच लागत नाही. स्विफ्ट, बलेनो आणि आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं स्टेअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. सुझुकीने 1988 मध्ये सर्वो या छोट्या गाडीत ते पहिल्यांदा विक्रीला आणलं. त्यात तेल नाही, टाकी नाही, बदलायचं काही नाही. अशा गाडीला कोणी ‘स्टेअरिंग ऑइल बदललं’ म्हणून बिल लावलं, तर टाकी दाखवा म्हणायचं.

आता खरा मुद्दा, जो दुकानात कोणी काढत नाही. स्टेअरिंगचं तेल जळत नाही. इंजिन थोडं ऑइल खातं, स्टेअरिंग खात नाही. पातळी उतरली याचा अर्थ ते कुठूनतरी बाहेर गेलं. त्यामुळे ‘काय ओतू’ याच्या आधी ‘कुठे गेलं’ हा प्रश्न हवा. पंपाखाली ओल, नळीच्या क्लँपला चिकटलेली माती, रॅकच्या टोकाच्या रबरी बुटात साचलेलं तेल: तीन जागा, पाच मिनिटांचं काम. जास्त दाबाची नळी भेगाळली असेल तर तिचा फवारा तापलेल्या सायलेन्सरवर जाऊन पेट घेऊ शकतो. तिथे दर आठवड्याला वरून भर घालत राहणं म्हणजे आगीला सरपण जमा करणं. ‘गळती बंद’ करणारं औषध रबर फुगवून काही दिवस निभावतं, आणि जुनं सील आणखी मऊ करून ठेवतं. सील बदला.

येवल्याच्या रस्त्यावर रात्री नळी फुटली तर? स्टेअरिंग सुटत नाही. चाकांशी त्याचा लोखंडी जोड कायम असतो, फक्त जड होतं, भरल्या गाडीत फार जड. पण पंप कोरडा फिरत राहिला की जाम होतो, आणि बऱ्याच इंजिनांत तोच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा गेला की इंजिन तापतं. म्हणून घरापर्यंत दामटायचं नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

ब्रेक ऑइल आधीच पडलं असेल तर? इंजिन सुरू केलं नसेल तर नशीब मोठं. मोठ्या सिरिंजने टाकी पूर्ण उपसायची, परतीची नळी काढून जुनं बाहेर सोडायचं, बरोबर तेलाने धुऊन काढायचं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. टाकीत बुडबुडे येणं थांबलं की हवा निघाली. मगच इंजिन. गाडी त्या तेलावर आठवडाभर फिरली असेल तर मात्र मिस्त्रीला सीलं उघडून बघायला सांगा, नुसतं तेल बदलून भागत नाही.

माझी मागणी गाडी विकणाऱ्यांकडे आहे. पिकअप विकताना हाराचा, पेढ्याचा, फोटोचा थाट होतो. ग्राहक शेतकरी असतो, गाडीचं पुस्तक मात्र बहुधा इंग्रजीत असतं, आणि ते सीटखाली पडून राहतं. स्टेअरिंगच्या टाकीच्या झाकणावर मराठीत एक ओळ चिकटवा: कोणतं तेल, कोणत्या मानकाचं, किती, आणि ‘ब्रेक ऑइल घालू नये’. खर्च एका स्टिकरचा. आणि लासलगाव बाजार समितीने आपल्या विंचूरच्या आवारात वजनकाट्याजवळ एवढंच लिहिलं, की स्टेअरिंग टोकाला दाबून पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तर कितीतरी पंप वाचतील. गाडी खरेदीच्या दिवशी तुम्हीही तो स्टिकर मागा. नाही म्हणाले तर पुस्तकातलं स्टेअरिंगच्या तेलाचं पान शोधा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि ‘काय चालेल’ असं विचारायच्या आधी दुकानदारासमोर तो फोटो धरा.