हॉटेलचे पैसे वाचले

मिशिगनमधल्या आमच्या एका मित्राने 2008 सालची जुनी मोटरहोम घेतली. कारण एकच, "हॉटेलचे पैसे वाचतात हो!" मराठी माणूस पैसे वाचवायला निघाला की त्यात किती खर्च होईल, काही सांगता येत नाही.

विकणाऱ्या आजोबांनी टायर कौतुकाने दाखवले. नक्षी कोरी करकरीत. बाजूवरचे शेवटचे चार आकडे मात्र 2314, म्हणजे 2014 सालचा 23वा आठवडा. वर्षातले दहा-अकरा महिने उभ्या असणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. सहाच्या सहा बदलले.

मग छप्पर. रबरी छताच्या सांध्यांवरचं सीलंट दरवर्षी तपासायचं असतं, हे कळेपर्यंत पलंगामागची भिंत पुरीसारखी फुगली होती. (आणि हा, दर मे महिन्यात घर शाकारणाऱ्या कोकणातल्या बापाचा मुलगा!)

थंडीआधी नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, नाहीतर नळ्या फुटतात. महिन्यातून एकदा जनरेटर चालवायचा, गरज असो-नसो. आणि संडासाची टाकी रिकामी करायची. त्या विषयावर वहिनी बोलत नाहीत. पाइप धरायला तर मुळीच येत नाहीत.

गॅलनला 8-10 मैल. दोन वर्षांत सहली दोन, त्यातल्या एकीत मुक्काम मोटेलमध्ये.

गाडी सध्या विकायला आहे. कोणाला हवी असल्यास जरूर कळवा. टायर अगदी नवे आहेत.